कौलावरचं १८६५ आणि पाणघोड्याचे दात: गोव्याच्या खडपांवर बुडालेली जहाजं

पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी केलेली एक चूक सांगून सुरुवात करते. पहिलं सेमिनार होतं. स्लाइडवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सेंट जॉर्जेस रीफवरचं जहाज, इ. स. १८६५'. पुरावा भक्कम होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. समुद्रतळातून काढलेल्या विटा-कौलांवर छाप स्पष्ट वाचता येतो: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मी भूशास्त्रात एमएस्सी केलेली. दगडाचं वय काढायचं तर प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा आणि महिनोन्‌महिने वाट बघायची, याची सवय. इथे तर वस्तूच स्वतःचं साल सांगत होती! समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या गावच्या घरावर मंगलोरी कौलं आहेत का? त्यांच्यावर काय साल आहे?"

मे महिन्यात गावी गेले तेव्हा मागच्या पडवीत रचून ठेवलेली जुनी कौलं उलटी करून पाहिली. त्यातल्या दोनांवर हाच छाप, हेच साल. आमचं घर पणजोबांनी बांधलं ते १९१० च्या आसपास.

१८६५ हे कौलाचं साल नव्हे, कारखान्याचं. गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनच्या माणसाने मंगळूरला नेत्रावतीच्या काठी जेप्पूमध्ये कारखाना काढला तो १८६५ मध्ये. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर 'स्थापना १९३२' असतं म्हणून आतली बर्फी काही १९३२ ची नसते. एवढी साधी गोष्ट, पण एमएस्सीच्या डोक्यात तेव्हा शिरली नाही.

हा लेख त्या चुकीतून निघालेला आहे. तुमच्यापैकी जे नेट-सेटची, पेटची तयारी करत आहेत, किंवा सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत, त्यांनी हा वाचावा असं वाटतं. विषय आहे गोव्याच्या किनाऱ्यापुढचा समुद्राचा एक छोटा तुकडा. उत्तरेला आग्वाद, दक्षिणेला ग्रांदे बेट. सरळ रेषेत वीस किलोमीटरही भरणार नाही. एवढ्यात निदान तीन जागी वेगवेगळ्या काळातल्या बुडालेल्या जहाजांचे अवशेष अभ्यासले गेले आहेत, आणि त्याच भागात आज शेकडो पर्यटक टाक्या पाठीला लावून पाण्यात उतरतात.

आधी जागा समजून घेऊ. मांडवी आणि झुआरी या दोन नद्या इथे जवळजवळ शेजारी शेजारी समुद्राला मिळतात. मधे काबोचं भूशिर, जिथे आता राजभवन आहे. भूशिराच्या माथ्यावर जांभा आणि खाली ग्रेवॅक नावाचा जुना, कठीण, करडा दगड. हाच कठीण दगड पाण्याखालीही पुढे जातो आणि मधूनमधून वर डोकं काढतो, किंवा काढता काढता राहतो. डोकं काढता काढता राहिलेला खडक जास्त धोक्याचा. आपल्याकडे कोकणात त्याला खडप म्हणतात. नकाशांवर 'रीफ' लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं की सगळं प्रवाळ. प्रवाळ आहेत, ग्रांदे बेटाच्या आसपास खडकांवर ठिकठिकाणी वाढलेले आहेत, पण खालचा सांगाडा दगडाचा आहे. लक्षद्वीपसारखी प्रवाळांनी स्वतः बांधलेली बेटं इथे नाहीत.

आता या भूगोलावर इतिहास ठेवा. १५१० मध्ये अफोन्सो दे अल्बुकर्कने गोवा घेतलं. त्यानंतर लिस्बन ते गोवा ही वार्षिक फेरी, 'कॅरेरा दा इंडिया', सुरू राहिली. जहाजं साधारण मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून निघत, आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत. परतीची वेळ डिसेंबर-जानेवारी. हे वेळापत्रक राजाने नाही, मोसमी वाऱ्यांनी ठरवलेलं. उशीर झाला तर पुढच्या वाऱ्यापर्यंत वाट. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो, म्हणून जड जहाजांना मुरगावचा आडोसा घ्यावा लागे. आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये पुरा झाला, पण दीपगृह आलं ते १८६४ मध्ये. म्हणजे अडीचशे वर्षं रात्रीच्या वेळी या खडपांमधून वाट काढणं हे तांडेलाच्या अनुभवावर आणि नशिबावर. त्यात डच. १६३६ ते १६४४ या काळात त्यांनी जवळजवळ दरवर्षी गोव्याची समुद्रातून कोंडी केली, आणि १६३९ मध्ये तर मुरगावच्या बंदरात शिरून पोर्तुगीज गलेऑन जाळले.

सुंची रीफ याच नदीमुखांसमोर आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सागरी पुरातत्त्व विभागाने १९९७-९८ च्या सुमारास तिथे शोध घेतला. हा विभाग सुरू केला लोथलचं उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी, १९८१ मध्ये. त्यांच्या द्वारकेच्या कामाची चर्चा खूप झाली, गोव्याच्या जहाजांची त्या मानाने कमी. सुंचीला पाणी उथळ आहे, काही मीटर. उथळ म्हटल्यावर तुम्हाला सोपं वाटेल. उलट आहे. उथळ पाण्यात लाटांचा सगळा मार तळापर्यंत पोचतो. चारशे पावसाळे त्या जागेवरून गेले आहेत. तिथे सिनेमात दाखवतात तसं तिरकं पडलेलं, शिडं लोंबणारं जहाज नाही. जहाजच नाही. खडकांच्या घळींमध्ये अडकून राहिलेल्या वस्तू आहेत, त्यावर वाळू आणि शिंपल्यांचा थर.

काय मिळालं? लोखंडी तोफा, नांगर, हातबंदुकीची नळी, शिशाच्या नळ्या, काचेच्या बाटल्यांचे तळ, घडीव ग्रॅनाइटचे ठोकळे, मिंग काळातल्या चिनी पोर्सेलीनचे तुकडे, मर्तबान पद्धतीच्या मोठ्या बरण्यांची खापरं. आपण घरी लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणणारी माणसं पाहिली असतील. ते नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आलेलं आहे. आणि याखेरीज हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात.

या वस्तूंवरून अभ्यासकांनी जहाज पोर्तुगीज आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं ठरवलं. सीला त्रिपाठी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातले इयन गॉडफ्री यांनी सुळे आणि दातांवर 'करंट सायन्स'मध्ये २००७ साली लेख लिहिला. गोवा, पोर्तुगाल आणि आफ्रिकी देशांमधल्या व्यापाराचा हा पुरावा आहे, अशी त्यांची मांडणी. तो लेख मी तीन वेळा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचताना कळलं की इथे सगळ्यात कामाची वस्तू सुळे नाहीतच. दात आहेत.

का ते सांगते. हत्ती आपल्याकडेही आहेत. सुळा समुद्रातून निघाला की पहिला प्रश्न येतो, हा आशियाई हत्तीचा की आफ्रिकी? सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. हत्तीचा सुळा आहे की दुसऱ्या कुठल्या प्राण्याचा दात, हे त्यांच्यावरून कळतं. पण कुठला हत्ती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगायला गेलात तर फसाल. पाणघोडा मात्र ऐतिहासिक काळात भारतात कुठेच नव्हता. तो फक्त आफ्रिकेत. म्हणजे दाताचा एक तुकडाही निर्विवादपणे सांगतो की या मालाचा काही भाग आफ्रिकेतून निघाला. आणि सुळे त्याच घळीत, त्याच मालात असतील तर त्यांचीही शक्यता आफ्रिकेकडे झुकते. झुकते म्हणते आहे, सिद्ध होते म्हणत नाही.

पाणघोड्याचा दात कशाला कोणाला हवा, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं बाहेरचं एनॅमल फार कठीण असतं आणि आतला भाग हस्तिदंतापेक्षा घट्ट. तो सहसा पिवळा पडत नाही. मुठी, लहान कोरीव वस्तू यांसाठी वापर. पुढे युरोपात कवळ्या करायलाही वापरायचे. हस्तिदंताची मागणी तर इथे प्रचंड होती. गुजरातेत लग्नाच्या चुड्यांसाठी आफ्रिकी हस्तिदंत लागे, कारण तो मोठा आणि कोरायला मऊ. मोझांबिकहून गोवा आणि दीवमार्गे तो तिकडे जाई. खुद्द गोव्यात ख्रिस्ती मूर्ती हस्तिदंतात कोरणारे कारागीर होते. आज युरोपातल्या संग्रहालयांत 'इंडो-पोर्तुगीज' अशी चिठ्ठी लावून ठेवलेले बाळयेशू त्यांच्या हातचे.

तर मी लगेच लिहून टाकलं: जहाज मोझांबिकहून गोव्याला येत होतं. मार्गदर्शकांनी मार्जिनमध्ये एकच शब्द लिहिला, 'कशावरून?'

आधी मला राग आला. मग नामिबियाची गोष्ट वाचली. २००८ मध्ये ओरान्येमुंडजवळ हिऱ्यांच्या खाणीसाठी समुद्र मागे हटवला होता, तिथे वाळूत एक पोर्तुगीज जहाज सापडलं. ते १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेलं 'बोम जेझूस' असल्याचं मानलं जातं. त्यात जवळजवळ दोन हजार सोन्याची नाणी, टनावारी तांब्याच्या लाद्या, आणि शंभरहून अधिक सुळे. २०२० मध्ये त्या सुळ्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुळे निघाले पश्चिम आफ्रिकेतल्या जंगली हत्तींचे, किमान १७ वेगवेगळ्या कळपांचे. म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून हस्तिदंत लिस्बनला गेला, तिथे पुन्हा जहाजावर चढला आणि भारताकडे निघाला.

याचा अर्थ लक्षात आला का? गोव्यासमोर आफ्रिकी सुळा मिळाला म्हणजे तो मोझांबिकचाच, हे गृहीत धरता येत नाही. तो हिंदी महासागराच्या बाजूने आलेला असू शकतो, नाहीतर अटलांटिकच्या बाजूने, लिस्बनमार्गे. पाणघोडेही आफ्रिकेच्या दोन्ही बाजूंना. दात आपल्याला खंड सांगतो, किनारा सांगत नाही. ज्याला किनारा हवा असेल त्याला डीएनए, कार्बन-नायट्रोजनचे समस्थानिक अशा गोष्टींकडे जावं लागेल, आणि चारशे वर्षं समुद्रात राहिलेल्या सुळ्यात कोलॅजेन किती उरलंय यावर ते अवलंबून.

दुसरं कोडं याहून मजेशीर आहे. सुळे पश्चिमेकडून पूर्वेला येणारा माल. पोर्सेलीन पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा. एकाच जहाजावर दोन्ही? जहाज येत होतं की जात होतं? इथे 'माल' आणि 'सामान' हा फरक करायला शिकले. मर्तबान बरण्या पाणी, तेल ठेवायला जहाजावर सर्रास असत. चिनी ताटं-वाट्याही चारदोन असतील तर ती कप्तानाच्या जेवणाची. पेटाऱ्यांनी भरलेली असतील तर माल. म्हणून एखाद्या रिपोर्टमध्ये 'पोर्सेलीन मिळालं' एवढं वाचून थांबू नका. किती तुकडे, किती वेगवेगळ्या भांड्यांचे, एकाच आकाराचे की निरनिराळे, हे बघा. माझ्या मते सुंचीचं जहाज येणारं होतं, आणि चिनी-ब्रह्मी वस्तू त्याच्या रोजच्या वापरातल्या. पण यात एक अडचण उरतेच: मिरी बुडाली तर काय मागे राहील? काहीच नाही. कापड? नाही. नीळ, साखर, सुंठ? नाही. परतीच्या जहाजाचा मुख्य माल नेमका असा विरघळणारा, कुजणारा होता. त्यामुळे जाणारं जहाज समुद्रतळावर जवळजवळ रिकामं दिसतं, आणि येणारं भरलेलं.

इथे कीथ मकलरॉयचं नाव घ्यायलाच हवं. केंब्रिजचा हा तरुण अभ्यासक. शेटलंडच्या बेटांवर १६६४ मध्ये फुटलेल्या 'केनेमरलँड' या डच जहाजावर त्याने काम केलं, आणि १९७८ मध्ये 'मॅरिटाइम आर्किऑलॉजी' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं: जहाज बुडण्याच्या क्षणापासून आपण खाली जाऊन पाहीपर्यंत दोन प्रकारच्या गोष्टी घडतात. काही क्रिया वस्तू काढून नेतात. तरंगून जाणारं जातं, लाकूड टेरेडो नावाचे किडे पोखरतात, लोक येऊन तोफा-नाणी वर काढतात. दुसऱ्या क्रिया उरलेल्याची जागा बदलतात. लाटा, वाळू, नांगर, जाळी. आपण पाहतो तो या दोन्ही चाळण्यांतून राहिलेला ऐवज. विज्ञानातून आलेल्या मला हे लगेच पटलं, कारण गाळाच्या खडकांत आपण हेच करतो. जीवाश्म मिळाले नाहीत म्हणजे प्राणी नव्हते असं कोणी लिहीत नाही. मकलरॉय १९८० मध्ये स्कॉटलंडच्या लॉक टे सरोवरात डायव्हिंग करताना गेला. तिशीही पुरी झाली नव्हती. ते पुस्तक वाचताना त्याचं वय आणि माझं वय सारखं मनात येत राहतं.

घडीव ग्रॅनाइटबद्दल भूशास्त्राच्या विद्यार्थिनीला बोलायला मिळणार म्हणून मी खूश होते. गोवा म्हणजे जांभा, म्हणून हे ठोकळे बाहेरचे, असं वाक्य तयारही होतं. मग आठवलं की काणकोणला ग्रॅनाइट आहे. पातळ छेद करून, खनिजं पाहून, तुलना करूनच बोलता येईल. वाक्य खोडलं. ठोकळे बांधकामाचा माल होते की जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी टाकलेला भार, हाही वेगळा प्रश्न, आणि कधी कधी उत्तर 'दोन्ही' असतं. भार म्हणून आणायचा आणि पोचल्यावर चर्चच्या दारात लावायचा.

कागदपत्रांचं काय, असं इतिहासवाले विचारतील. पणजीच्या पुराभिलेखागारात 'मोन्सोएन्स दो रेनो' नावाच्या पत्रव्यवहाराच्या वह्या आहेत. लिस्बन आणि गोवा यांच्यातली पत्रं, वर्षागणिक, म्हणजे मोसमागणिक बांधलेली. हे दप्तर लावण्यात पांडुरंग पिसुर्लेकरांचं आयुष्य गेलं. पोर्तुगीज-मराठे संबंधांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं ऋण घेतलंय, आपण समुद्रावर काम करणारेही घेतो. पण या वह्यांत कोण सापडतं? राजाची जहाजं. मोझांबिकहून येणारा एखादा खासगी व्यापाऱ्याचा मध्यम गलबतवजा वाहक खडपावर फुटला, तर तो लिस्बनच्या पत्रात येईलच असं नाही. सुंचीच्या जहाजाला अजून नाव मिळालेलं नाही, आणि यादीतल्या हरवलेल्या जहाजांपैकी सोयीचं एक उचलून त्याच्या गळ्यात घालण्याचा मोह मी स्वतः अनुभवलेला आहे.

आता परत कौलांकडे. सेंट जॉर्जेस रीफ हे नाव ग्रांदे बेटाच्या जुन्या पोर्तुगीज नावावरून, साँव जॉर्जवरून. तिथला सगळा माल भाजलेल्या मातीचा. छपराची कौलं, आढ्यावरची कौलं, जमिनीच्या फरश्या, धुराड्याच्या विटा, आणि खांबांचे गोल, पोकळ तुकडे, त्यावर बसवायची कोरिंथियन शीर्षं. ग्रीक देवळाच्या खांबावर असतात तशी, पानांची नक्षी असलेली. नेत्रावतीच्या गाळाची!

मला हा ऐवज सोन्याच्या नाण्यांपेक्षा जास्त आवडतो. विचार करा, एकोणिसाव्या शतकात कोणी तरी एक इमारत बांधत होतं, कदाचित बंगला, कदाचित चर्च, आणि त्याला दर्शनी बाजूला दगडी दिसणारे खांब हवे होते, पण दगड आणि पाथरवट परवडत नव्हते. मग सुट्या भागांची मागणी मंगळूरला गेली. तुकडे जहाजातून येणार, जागेवर एकावर एक रचायचे, गिलावा केला की संगमरवरच. आज आपण फायबरचे खांब लग्नाच्या मांडवात लावतो त्याचेच हे आजोबा. कौलाची रचनाही परदेशी. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचं यंत्रावर दाबलेलं कौल फ्रान्सच्या अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४० च्या दशकात आणलं. स्विस मिशनऱ्यांनी ते मंगळूरच्या मातीत केलं, आणि त्याने कोकण-गोव्याच्या नळीच्या कौलांना नि शाकारणीला हळूहळू बाजूला सारलं. आपण ज्याला 'अस्सल कोकणी घर' म्हणून फोटो काढतो, त्याचं छप्पर असं आहे.

मग तारीख कशी लावायची? छापातलं १८६५ फक्त खालची सीमा देतं. जहाज त्याआधी बुडालेलं नाही, एवढंच. याला 'टर्मिनस पोस्ट क्वेम' म्हणतात, आणि हा शब्द मुलाखतीत विचारला जातो, लक्षात ठेवा. वरची सीमा छापातल्या दुसऱ्या शब्दात आहे, ज्याकडे मी बघितलंच नव्हतं: 'बासेल मिशन'. पहिल्या महायुद्धात या मिशनकडे शत्रूपक्षाशी संबंधित म्हणून पाहिलं गेलं, त्यांचे कारखाने काढून घेतले गेले आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचा छाप साधारण त्या युद्धापर्यंतचा. जुना साठा नंतरही विकला जाऊ शकतो, म्हणून थोडी सूट ठेवायची. अभ्यासकांनी मालाच्या प्रकारावरून जहाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानलं आहे, ते या चौकटीत बसतं. मी मात्र एका आकड्यावर समाधान मानून पन्नास वर्षांची चौकट फुकट घालवली होती.

अमी शोल्सबद्दल थोडक्यात. तिथे वाफेवर चालणाऱ्या जहाजाचे अवशेष आहेत. बॉयलर, इंजिनाचे भाग, भट्टीच्या अस्तराच्या उष्णतारोधक विटा. लाकूड नाही, पण बॉयलर जाड पत्र्याचा, तो टिकतो. सुवेझ १८६९ मध्ये उघडला, मुरगावला रेल्वे १८८० च्या दशकात आली, त्या बदललेल्या समुद्राची ही जागा. विटांवरच्या छापांची गोष्ट कौलांसारखीच, आणि आणखी एक भानगड म्हणजे भट्टीच्या विटा वेळोवेळी बदलाव्या लागतात. विटेचं वय म्हणजे जहाजाचं वय नव्हे. टायर बघून गाडीचं मॉडेल सांगण्यासारखं होईल ते.

ग्रांदे बेटाजवळची 'सुझीज रेक' ही जागा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पर्यटक डायव्हिंगचं ते लाडकं ठिकाण. मी दोनदा गेले. लोखंडी सांगाड्याच्या आतून बाहेरून मासे, फासळ्यांवर प्रवाळ आणि कालवं, दिसणं मात्र दिवसावर अवलंबून. एकदा चारपाच मीटरपर्यंत स्वच्छ, एकदा हाताची बोटंही धूसर. दोन्ही वेळा होडीवर जहाजाचा इतिहास सांगितला गेला, आणि दोन्ही वेळा वेगळा. एकदा पहिलं महायुद्ध, एकदा दुसरं. दुसऱ्या महायुद्धाचं कारण समजण्यासारखं आहे. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सच्या निवृत्तीच्या वयाला आलेल्या मंडळींनी मुरगाव बंदरात 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा घातला, आणि तिथल्या जर्मन आणि इटालियन जहाजांच्या खलाशांनी आपली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. त्यावर पुस्तक निघालं, १९८० मध्ये 'द सी वुल्व्ह्ज' सिनेमा आला. तेव्हापासून या पाण्यातलं कुठलंही गंजलेलं लोखंड त्या गोष्टीकडे ओढलं जातं. होडीवरच्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांना पंधरा मिनिटांत गोष्ट सांगायची असते. पण संशोधनात मौखिक साधन म्हणून ती वापरायची तर कोणी, कधी, कोणाला सांगितली हे टिपून ठेवावं लागतं.

एक गोष्ट मात्र खुपली. वर आल्यावर आमच्याच होडीतल्या एकाने जॅकेटच्या खिशातून नक्षीचा भाजलेल्या मातीचा तुकडा काढला आणि सगळ्यांना दाखवला. सेल्फी झाले. तो तुकडा कुठल्या घळीत, कशाशेजारी, किती खोल होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. वर सांगितलेला माल-सामान हा सगळा युक्तिवाद अशा 'कशाशेजारी'वर उभा आहे. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. युनेस्कोचा २००१ चा पाण्याखालच्या वारशाचा करार आहे, शक्यतो वस्तू जागच्या जागी जपाव्यात असं तो सांगतो, पण भारत त्यात सामील झालेला नाही. पुरातत्त्व खात्याची पाण्याखालची शाखा २००१ पासून आहे, तिच्या वाट्याला हजारो किलोमीटरचा किनारा. मी त्या माणसाला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तुकडा खिशात परत ठेवला.

तिकडे सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ, निवती रॉकच्या बाजूला, जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेलं 'आयएनएस गुलदार' पर्यटनासाठी बुडवण्याचं ठरलं. कृत्रिम रीफ, पाण्याखालचं संग्रहालय वगैरे. मला ती कल्पना वाटली तेवढी वाईट वाटत नाही. त्या जहाजाचं नाव, वजन, बांधणीचं साल, शेवटचा दिवस, सगळं कागदावर आहे. लोकांना लोखंडावर प्रवाळ कसे चढतात ते बघायचं तर तिथे बघू दे, आणि सुंचीच्या घळी थोड्या निवांत राहू दे.

सेमिनारची ती स्लाइड मी काढून टाकलेली नाही. लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. पडवीतलं एक कौल मात्र आईला विचारून हॉस्टेलवर आणलंय. त्यावर १८६५ आहे, मागच्या बाजूला चुन्याचा डाग आहे, आणि सध्या त्याच्याखाली सुंचीवरच्या प्रकरणाचा चौथा खर्डा दाबून ठेवलाय, कारण खिडकीतून वारा फार येतो.